गेणभाऊचा सुळका

आमचं करंजदरा गाव बुडालं ते ऐन उन्हाळ्यात. विहिरींचे तळ उघडे पडले होते, टँकरची वाट बघून बायकांचे डोळे दुखत होते, आणि गाव बुडालं. बुडवलं कुणी? तर म्हणे सरपंचबाईंनी. म्हणजे मी. हसू नका हो, तुमच्यावर आली असती म्हणजे कळलं असतं.

नीट पहिल्यापासून सांगते. गोष्ट दोन हजार सहा सालची. सरपंचपद महिलेला राखीव निघालं आणि मी, वृषाली, करंजदऱ्याची सरपंच झाले. आमचं गाव डिंगोऱ्याच्या वरच्या अंगाला, थेट कड्याच्या पोटात. कडा इतका उभा की दुपार कलली की गावावर सावली. पावसाळ्यात त्याच्यावरून एवढं पाणी कोसळतं की शेतातली माती ओतूर गाठते, आणि मार्च लागला की प्यायला घोटभर नाही. म्हणून मी ठरवलं, पाणलोटाचं काम गावात आणायचंच. त्यासाठी वरच्या ऑफिसला उताराचा नकाशा हवा होता. कुठं उंच, कुठं सखल, पाणी कुठून कुठं पळतं, ते सगळं दाखवणारा.

नकाशासाठी मी अरिहंतला गाठलं. ओतूरच्या पेठेत दलीचंदशेठचं बी-बियाण्याचं दुकान आहे, त्यांचा हा मुलगा. दुकानाच्या माडीवर त्यानं कॉम्प्युटर क्लास काढला होता. पोरगा हुशार, बोलायला गोड, फक्त एक खोड. काहीही विचारा, पहिला शब्द 'सोप्पं'.

"सोप्पं आहे, वहिनी. परदेशातल्या यानानं वरून साऱ्या पृथ्वीची उंची मोजलीये. इंटरनेटवर फुकट मिळते. मी रंगीत नकाशा करतो. सखल ते निळं, मग हिरवं, मग तपकिरी, शिखरं पांढरी. लहान पोरालाही कळेल."

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण सरपंच मी असले तरी हौस आमच्या ह्यांना. लोक ह्यांना भरतभाऊ म्हणतात, आणि दोन वेळा कुणी 'भाऊ' म्हटलं की ह्यांची छाती शर्टात मावत नाही. अरिहंतकडून नकाशाची सीडी घेऊन हे परस्पर नारायणगावला गेले आणि भिंतभर फ्लेक्स छापून आणला. वर 'करंजदरा: विकासाची नवी दिशा'. मध्ये नकाशा. आणि कोपऱ्यात हात जोडून, दात दाखवत हे स्वतः. माझा फोटो कुठं आहे म्हटलं, तर म्हणाले, जागा पुरली नाही.

फ्लेक्स ग्रामपंचायतीच्या भिंतीवर चढला. मी चष्मा लावून बघितलं. कडा तपकिरी, बरोबर. खालचं डिंगोऱ्याकडचं रान हिरवं, तेही बरोबर. आणि मधोमध, जिथं आमचा मारुती, आमची शाळा, आमची घरं, तिथं गडद निळा डाग. चांगला ऐसपैस. आणि डागाशेजारी ह्यांचं हसू.

आता आमच्या जुन्नर-आंबेगावात एखाद्याला बाराखडी येत नसेल, पण नकाशावरचा निळा रंग सगळ्यांना वाचता येतो. दोन डोंगर ओलांडले की एक धरण. प्रत्येक घराचा कुणी ना कुणी पाहुणा कुठल्या ना कुठल्या पाण्याखालून उठून आलेला. साहेब नकाशा घेऊन येतो, नकाशावर निळं असतं, आणि मग गाव नसतं. हे शिकवायला मास्तर लागत नाही.

गेणभाऊ पुढं झाला. गेणभाऊ म्हणजे आमच्या गावाचा रेडिओ, फक्त ह्याला बंद करायचं बटण नाही. त्यानं निळ्यावर बोट ठेवलं.

"धरान!"

"अहो गेणभाऊ, धरण कसलं? चुकून रंग सांडलाय," मी म्हटलं.

"चुकून? कडा बगा की त्याच्या, वैनी. जिन्याच्या पायऱ्यावानी चौकोनी चौकोनी. चुकून सांडल्याला रंग असा ऱ्हातो का? ही सरकारी मोजनी हाय. गट नंबर धरून काढल्याली."

"पण नदी कुठं आहे आपल्याकडं? धरण बांधायला नदी नको?"

"आनत्याल की. सरकार हाय ते." मग त्यानं ह्यांच्या फोटोकडं बघितलं. "आन् भरतभाऊ, गाव बुडतंय आन् तुमी हात जोडून हसताय व्हय, राव?"

हे हळूच माझ्या मागं सरकले. फोटोतले हे तेवढे हसत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर गावाचा रंगच वेगळा. जमीन धरणात गेली की झाडांची भरपाई वेगळी, घराची वेगळी, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही पाठ. गावातल्या मोटारसायकली रोपवाटिकांकडं धावल्या. कांद्याच्या वाफ्यात आंब्याची कलमं, गव्हाच्या धसकटात आंब्याची कलमं, एकानं तर उकिरड्यात लावलं. प्यायला पाणी नाही आणि कलमांना तांब्यानं पाणी! गेणभाऊनं बैलांच्या गोठ्याला दरवाजा बसवला, 'मातोश्री निवास' म्हणून पाटी लावली आणि छपरावर टीव्हीचा अँटेना उभा केला. आत दोन बैल आणि एक म्हैस. धोंडाबाईच्या पोराची सोयरीक ठरत आली होती, त्या पाहुण्यांचा निरोप आला, "पुनर्वसन कुटं मिळतंय ते कळू द्या, मग सुपारी फोडू."

हसले असते मी. पण त्या दिवशी घरी आले आणि हसू आटलं.

आमच्या घरात पहार वाजत होती. माझ्या सासूबाई, कुशाबाई, मी त्यांना आत्याबाई म्हणते, दारात बसून उंबरा उखडत होत्या.

हे नीट सांगायला हवं. आम्ही मूळचे करंजदऱ्याचे नाही. आत्याबाई लग्न होऊन गेल्या ते गाव आंबेगाव तालुक्यातलं, डोंगराच्या आतलं. ते धरणात गेलं. मी तेव्हा ह्या घरात आले नव्हते, पण आत्याबाईंकडून इतक्यांदा ऐकलंय की मी तिथं होते असंच मला वाटतं. घर उठवताना त्यांनी कौलं उतरवली, वासे काढले, तुळया काढल्या, दाराची चौकट काढली. दगडी उंबरा तेवढा निघेना. मामंजी म्हणाले, ऱ्हाऊ दे, नकाशात निळं आपल्या अंगणाच्या खालीच थांबलंय, पाणी काय इथवर येत नाही, सावकाश येऊन नेऊ. पाण्याला काय नकाशा वाचता येतो? ते अंगण चढून वर आलं. ज्या उंबऱ्यावरचं माप लवंडून त्या घरात आल्या होत्या, तो तिथंच राहिला. इथं करंजदऱ्यात, त्यांच्या माहेराजवळ, जमीन घेऊन घर बांधलं तेव्हा मामंजींनी मुद्दाम नवा दगड घडवून आणला. मामंजी गेले. उंबरा होता. आणि आता तोही उखडलेला बघायला मिळाला.

"आत्याबाई, अहो काय करताय हे?"

"ह्या बारीला आदी उंबरा काडते," त्या म्हणाल्या. आवाज शांत. हातातली पहार थांबली नाही. "बाकीचं ऱ्हायलं तरी चाललं."

मी फ्लेक्सची चूक समजावली, यान समजावलं, कॉम्प्युटर समजावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"तवा बी सायबानं लई समजावलं व्हतं, वृषाली," एवढंच म्हणाल्या.

निघालेला उंबरा शेजारच्या पोरांनी भिंतीला टेकवून उभा केला. दाराचं तोंड दात पडल्यासारखं दिसायला लागलं. कोंबड्या सरळ देवघरात. आलेल्या माणसाला चप्पल कुठं काढावी कळेना, निम्मे चपलांसकट आत, निम्मे अंगणातूनच बोलायचे. मी रोज सकाळी रांगोळीची वाटी घेऊन दारात उभी राहायची आणि परत आत जायची.

आत्याबाईंनी एक बोचकं बांधून ठेवलं. आखितीचा सण झाला की मंचरला लेकीकडं जाणार म्हणाल्या. कायमच्या. "पानी यायच्या आदी जाते. येताना बगायचं न्हाई मला ते."

आता मात्र माझं डोकं फिरलं. मी तडक ओतूर गाठलं आणि अरिहंतला खुर्चीतून उठवून गावात आणलं. त्यानं फ्लेक्स बघितला आणि कपाळावर हात मारला.

"वहिनी, ही चूक नाही. हे भोक आहे."

"कसलं भोक?"

"माहितीतलं. यान वरून गेलं, पण बघितलं त्यानं तिरकं. तुमचं गाव कड्याच्या आड. त्याला दिसलंच नाही. जिथं दिसलं नाही तिथं उंचीच्या जागी एक खोटा आकडा टाकून ठेवतात. उणे बत्तीस हजार सातशे अडुसष्ट मीटर."

"म्हणजे?"

"म्हणजे समुद्राच्याही बत्तीस किलोमीटर खाली. माणसाला लगेच कळावं की हा आकडा खरा नाही, म्हणून. पण कॉम्प्युटरला काय कळतंय? त्याला वाटलं, एवढं सखल म्हणजे निळंच."

म्हणजे साऱ्या पृथ्वीचं मोजमाप झालं आणि नेमकं आमचंच गाव राहिलं! एसटी येत नाही, टँकर येत नाही, आणि आता यानही खालच्या फाट्यावरूनच वळून गेलं. मी अरिहंतला म्हटलं, "ते निळं काढ आधी. आजच्या आज."

"सोप्पं आहे," अरिहंत म्हणाला.

त्यानं निळं काढलं. हे पुन्हा नारायणगावला गेले, पुन्हा फ्लेक्स आणला. ह्यांचा फोटो आधीपेक्षा मोठा. आणि गावाच्या जागी कोरं पांढरं. लोक जमले.

"पयलं बुडवलं," गेणभाऊ म्हणाला. "आता पुसलं."

"अहो, माहिती नाही म्हणून जागा कोरी सोडलीय!"

"आमी इतं पिढ्यान्‌पिढ्या ऱ्हातोय आन् माहिती न्हाई? कडंनं डिंगोरं हाय, ओतूर हाय, सगळी हायेत. आमीच तेवढं न्हाई. म्हंजी आमची नोंदच काडून टाकली. धरान झाल्यावर असंच दिसनार."

त्याच्या डोक्याला काय म्हणावं! पण माणसं माना डोलवत होती. कलमांना पाणी घालायचं कुणी थांबवलं नाही.

अरिहंत म्हणाला, थांबा, मी भोक भरतो. आजूबाजूच्या उंचीवरून मधली उंची कॉम्प्युटर अंदाजानं काढतो. सोप्पं आहे. तिसरा फ्लेक्स आला. ह्यांच्या फोटोत आता गळ्यात उपरणंही होतं. ह्या वेळी निळं नव्हतं, पांढरं नव्हतं. गावाच्या जागी इकडून तिकडं एकसारखा हिरवा रंग, जमिनीवर इस्त्री फिरवावी तसा. चढ नाही, बांध नाही, ओघळ नाही. मी म्हटलं, चला, एवढ्यावर भागलं.

गेणभाऊ फ्लेक्सला नाक लावून उभा. मग हळूच मागं वळला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "इमानतळ."

काय सांगू तुम्हाला! त्या वर्षांत पुण्याचा नवा विमानतळ आज चाकणला, उद्या खेडला, परवा आणखी कुठं, असं रोज चहाच्या टपरीवर उठायचं. आता तो उडत उडत आमच्या गावावर येऊन बसला. "एवढं सपाट आनखी कशाला करत्याल?" गेणभाऊ विचारायचा, आणि खरंच, ह्याला उत्तर काय द्यायचं? कालपर्यंत रडणारी माणसं मिशीला पीळ द्यायला लागली. धोंडाबाईकडं पाहुणे आपणहून आले आणि सुपारी फोडूनच गेले. गेणभाऊ आपल्या वावरातली आंब्याची कलमं उपटत होता. का, तर इमान उतरताना चाकात अडकतील.

घरी येऊन मी आत्याबाईंना म्हटलं, "ऐकलंत का? धरण नाही. आता म्हणे विमानतळ. बसवू या का उंबरा?"

त्या चुलीपुढून उठल्याही नाहीत. "धरान काय आन् इमान काय. उटायचं तर हायेच ना?"

मी तिथंच बसले. साऱ्या गावात एकट्या त्यांनाच त्यातलं खरं दुखणं कळलं होतं. गावाची जत्रा चालली होती, आणि माझ्या घरातलं माणूस आखितीची वाट बघत बोचक्याशेजारी झोपत होतं. संताप संताप झाला माझा. ह्यांचा, गेणभाऊचा, त्या यानाचा, सगळ्यांचा.

अरिहंतला मी सांगितलं, "आता अंदाज नको. भोक आमच्या गावातलं आहे, आम्हीच बुजवतो. खरी उंची कशी मोजायची ते बोल."

पहिल्यांदाच तो 'सोप्पं' म्हणाला नाही. पुण्यातल्या मित्राकडून त्यानं जीपीएसचं यंत्र आणलं. हातात मावणारं, जुन्या मोबाइलएवढं. मोकळ्या आभाळाखाली धरलं की जागेची उंची दाखवायचं. दहा-पंधरा मीटर इकडंतिकडं होतं म्हणाला, पण भोकापेक्षा बरं. मी दवंडी दिली, ज्यानं त्यानं आपल्या वावराची उंची मोजून घ्यावी, नाहीतर नंतर तक्रार करू नये. ही नंतरची अर्धी ओळ ऐकल्यावर एकही जण घरात राहिला नाही.

अरिहंत आधी स्वतः हिंडला. पण कॉम्प्युटरवर बसणारं पोरगं ते, चार बांध ओलांडले आणि पायाला फोड घेऊन मारुतीच्या पारावर बसलं. मांडीवर गावाचा चौकटी आखलेला कागद. मग यंत्र एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात जायला लागलं. मालकानं आपल्या वावरात उभं राहून आकडा ओरडायचा, दुसऱ्यानं तो पुढं ओरडायचा, पारावर अरिहंतनं त्या चौकटीत भरायचा. "सातशे चाळीस!" "सातशे छत्तीस!" लिलाव चालल्यासारखं वाटत होतं.

आणि लिलावच झाला तो. उंच वावर म्हणजे पाणी आलं तरी टिकणारं वावर, एवढं सगळ्यांच्या मनात होतंच. एकजण यंत्र घेऊन बांधावर चढला. दुसऱ्यानं ते काठीला बांधून वर धरलं. गेणभाऊचा चुलतभाऊ सावळेराम, ह्या दोघांचा बांधावरून जन्माचा दावा, तो ओरडला, "सातशे एक्कावन!"

मग यंत्र गेणभाऊच्या हातात गेलं. तो वावराच्या मध्यावर उभा राहिला. यंत्राकडं बघितलं, डोळ्यावर हात धरून पुन्हा बघितलं, यंत्र हलवलं, कानाला लावलं. मी त्याच्या खांद्यामागंच उभी होते. सातशे अठ्ठेचाळीस, मला दिसत होतं.

"नऊशे!" गेणभाऊ गरजला.

"गेणभाऊ!"

"नऊशेच हाय, वैनी. ऊन पडलंय म्हनून तुमाला दिसत न्हाई." आणि तो सावळेरामाच्या वावराकडं बघत राहिला, सावळेराम घरात जाईपर्यंत.

पारावर अरिहंतनं नऊशे भरलं. फोडानं बेजार झाला होता बिचारा, भांडायचं बळ नव्हतं.

आखिती झाली. पुरणपोळी, आमरस, सगळं झालं, पण ताटं निम्मी तशीच उठली. दुसऱ्या दिवशी आत्याबाईंनी बोचकं उचललं. हे दाराआड जाऊन डोळे पुसत होते, एवढा फ्लेक्सवर हसणारा माणूस. मी आत्याबाईंना ओतूरपर्यंत सोडायला निघाले. स्टँडवर कळलं, मंचरची गाडी उशिरा आहे. ऊन रणरणत होतं. मी म्हटलं, दलीचंदशेठच्या दुकानात टेकू या.

शेठनं माठातलं पाणी दिलं. अरिहंत माडीवरून ओरडला, "वहिनी, नकाशा झाला! वर या!" आत्याबाई एकट्या खाली कशाला बसतील, त्याही गुडघ्यावर हात ठेवत जिना चढल्या. आयुष्यात पहिल्यांदा कॉम्प्युटरसमोर बसल्या. पदर सावरून, एखाद्या साहेबासमोर बसावं तशा.

अरिहंत डोंगर सरकवत होता. पडद्यावर काळी-करडी उठावाची चित्रं पळत होती. आत्याबाई एकदम म्हणाल्या, "ह्ये कुटलं?"

"हा आंबेगावकडचा भाग, आजी. थांबा, आपला लांब आहे अजून."

"थांब. थांब तिथंच." त्या पुढं वाकल्या. "ही म्हसोबाची टेकडी. ही खिंड. हितून आमी बाजाराला जायचो." त्यांचं बोट पडद्यावरून चालायला लागलं, रस्त्यानं चालावं तसं. वळलं, उतरलं, आणि एका सपाट करड्या जागेवर थांबलं. "इतं आमचं घर व्हतं."

अरिहंतनं माउस तिथं नेला. खाली कोपऱ्यात उंचीचा आकडा आला, सातशे नऊ.

"अंगन?" आत्याबाईंनी विचारलं. त्यानं माउस थोडा सरकवला. सातशे नऊ.

"ह्यो वडाचा पार." सातशे नऊ. "हिकडं वरच्या आळीला चड व्हता, दम लागायचा." सातशे नऊ. त्यानं सगळीकडं माउस फिरवला, ह्या काठापासून त्या काठापर्यंत. आकडा जागचा हलला नाही.

"पाणी आहे ना, आजी," अरिहंत हळू आवाजात म्हणाला. "यान गेलं तेव्हा पाणीच होतं. त्यानं पाण्याची उंची मोजली."

मला रडू आलं. सांगायला लाज कसली? इतकी वर्षं ऐकलेलं गाव मी पहिल्यांदा बघत होते, आणि तिथं बघायला काही नव्हतं. आत्याबाई मात्र रडल्या नाहीत. त्यांनी बोट काढून घेतलं, पदरानं काचेवरचा डाग पुसला आणि म्हणाल्या, "आता आपलं दाव."

करंजदरा आला. ह्या वेळी इस्त्री नव्हती. बांध, ओघळ, मारुतीचा उंचवटा, सगळं ओबडधोबड. माउस फिरला. सातशे चाळीस, त्रेचाळीस, छत्तीस, एक्कावन्न. दोन बोटं सरकलं की आकडा वेगळा. आत्याबाई आकड्याकडं बघत होत्या. त्यांना वाचता येत नव्हतं, पण बदलतोय एवढं दिसत होतं.

आणि मग सावळेरामाच्या वावराशेजारी तो दिसला. सुळका. जमिनीतून सरळ वर गेलेला, शेंड्याला टोकदार, एका बाजूला काळी सावली टाकणारा. कड्याला लाजवेल असा.

"हे काय रं?" आत्याबाईंनी विचारलं.

"चूक आहे, आजी," अरिहंत ओशाळला. "गेणभाऊंनी नऊशे सांगितलं. एकच आकडा खोटा पडला की असा काटा उभा राहतो. सोप्पं आहे, मी काढून टाकतो."

"गेन्याचं वावर? नऊशे?"

"सावळेरामपेक्षा कमी भरलं ना, म्हणून," मी म्हटलं.

आत्याबाई हसायला लागल्या. आधी पदरात, मग उघड, मग अशा की खाली शेठनं विचारलं काय झालं. कितीतरी दिवसांनी मी त्यांना हसताना बघत होते. डोळ्यातून पाणी यायला लागलं तेव्हा थांबल्या.

"काडू नगंस," त्या म्हणाल्या.

"अहो आजी, पण चूक आहे ती."

"असू दे. तिकडं बगितलंस ना? साऱ्या गावाचा एकच आकडा. तिथं आता कोन खोटं बोलतंय? कोन बांधावरून भांडतंय?" त्यांनी सुळक्यावर बोट ठेवलं. "जिथं गेन्या अजून खोटं बोलतोय, तिथं पानी न्हाई आल्यालं. चल गं, वृषाली. मंचरची गाडी गेली तर जाऊ दे."

घरी आलो तेव्हा हे अंगणात उभे होते. बोचकं परत आलेलं बघून पहिली धाव सिमेंटच्या गोणीकडं. दगड एकट्याला उचलेना म्हणून गेणभाऊला हाक मारली. दोघांनी धापा टाकत उंबरा जागेवर बसवला. गेणभाऊ थापी फिरवत होता, पण त्याचं लक्ष माझ्याकडं.

"वैनी, नकाशात माजं वावर किती आलं?"

मी तोंड उघडलं, पण आत्याबाई आधी बोलल्या. "नऊशे. समद्या गावात उंच."

गेणभाऊ कंबर सरळ करून उभा राहिला. "म्या म्हनलं नव्हतं?" आणि ते सावळेरामाच्या कानावर जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाला.

वरच्या ऑफिसला अरिहंतनं सुळका कापलेला नकाशा दिला, काम मंजूर झालं, ते वेगळं. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मात्र आजही सुळक्याचाच आहे. आणि ह्या वेळी फ्लेक्स छापायला मी गेले होते, त्यामुळं कुणाचाच फोटो नाही. कलमांतली निम्मी मेली, निम्मी जगली. गेणभाऊ सोडून सगळ्यांकडं आता आंबे आहेत.

उंबरा बसवला तेव्हाचं एक सांगायचं राहिलं. सिमेंट ओलं होतं. गेणभाऊनं बजावलं, वाळेपर्यंत कुणी ह्याच्यावरून जायचं नाही, दगड हलेल. आत जायला दुसरी वाट नव्हती. मी म्हटलं, आत्याबाई, आम्ही हात धरतो, दगडाला पाय न लावता एकदाच बाहेर या, आजचा दिवस अंगणात काढू, स्वयंपाक तीन दगडांवर करू.

त्या दगड बसायच्या आधीच दाराच्या आत जाऊन उभ्या राहिल्या होत्या. मध्ये ओला उंबरा. त्यांनी खाली बसून हळदीकुंकवाची बोटं दगडाला लावली, आणि तिथंच भिंतीला पाठ टेकवून पाय पसरले.

"तुमी ऱ्हावा भाएर," त्या म्हणाल्या. "मला काय आता भाएर जायाचं न्हाई."